हवाईत राहणारा प्रत्येक जण हवाईयन नसतो
मराठी संपादक आणि अनुवादक यांना खुले पत्र

मराठी वृत्तपत्रे, वृत्तवाहिन्या आणि संकेतस्थळे यांच्या आंतरराष्ट्रीय वृत्त विभागांतील संपादक, उपसंपादक आणि अनुवादक यांस,

सप्रेम नमस्कार.

हवाई बेटांवरची बातमी मराठीत येते तेव्हा तिथल्या माणसांना बहुधा सरसकट ‘हवाईयन’ म्हटले जाते. कॅलिफोर्नियाचा तो कॅलिफोर्नियन, टेक्सासचा तो टेक्सन, म्हणून हवाईचा तो हवाईयन, असा हिशेब त्यामागे असतो. घाईगर्दीत इंग्रजी बातमी मराठीत उतरवणाऱ्याला तो बिनचूक वाटावा असाच आहे. पण हवाईत तो लागू पडत नाही. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक १७७८ मध्ये त्या बेटांवर पोहोचला, त्याच्या कित्येक शतके आधीपासून तिथे नांदत असलेल्या पॉलिनेशियन लोकांना आणि त्यांच्या वंशजांना हवाईयन म्हणतात. बाकीचे सगळे हवाईचे रहिवासी. मी ओआहू बेटावर राहणारा मराठी माणूस आहे, म्हणजे या दुसऱ्या गटातला. हा भेद आपल्या लेखनात पाळला जावा, कारण तो न पाळल्यामुळे काही बातम्यांचा मुद्दाच हरवतो, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बराक ओबामा यांचा जन्म १९६१ मध्ये होनोलुलूत झाला, शालेय शिक्षणही बहुतांशी तिथेच झाले, तरी त्यांना इथे कोणी हवाईयन म्हणत नाही. गायक ब्रुनो मार्स होनोलुलूचाच, पण त्याच्या घराण्याचा वारसा फिलिपिनो आणि प्वेर्तो रिकन असल्यामुळे तोही हवाईयन नाही. उलट अभिनेता जेसन मोमोआ जन्मला होनोलुलूत आणि वाढला आयोवा राज्यात, समुद्रापासून हजार मैलांवर. परंतु त्याचे वडील हवाईयन, म्हणून तो हवाईयन. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेनुसार हवाई राज्याची लोकसंख्या सुमारे साडेचौदा लाख आहे. त्याच जनगणनेत आपल्या वारशात हवाईयन अशी नोंद करणारे, मग तो वारसा पूर्ण असो की अंशतः, देशभरात सुमारे ६ लाख ८० हजार निघाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक हवाईबाहेर राहतात. घरांच्या किमती परवडेनाशा झाल्यामुळे नेवाडातल्या लास व्हेगासला इतकी कुटुंबे गेली आहेत की हवाईतले लोक त्या वाळवंटी शहराला गमतीने ‘नववे बेट’ म्हणतात. म्हणजे हवाईत राहणारे बहुसंख्य लोक हवाईयन नाहीत आणि बहुसंख्य हवाईयन हवाईत राहत नाहीत. अशा परिस्थितीत वास्तव्यावरून शब्द बनवण्याचा नियम कसा टिकणार?

यावर एक आक्षेप रास्त आहे. इंग्रजी शब्दकोशांत ‘हवाईयन’चे दोन्ही अर्थ सापडतात, मूळ लोक हाही आणि राज्यातला रहिवासी हाही, मग मराठीनेच एवढे सोवळे का पाळावे, असे कोणी विचारील. शब्दकोश शब्दाच्या सगळ्या वापरांची नोंद करतो आणि अमेरिकेच्या मुख्य भूमीवर हा शब्द सैलपणे वापरला जातो हे खरे आहे. परंतु वृत्तलेखनाचा प्रघात वेगळा आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची शैलीपुस्तिका स्पष्टच सांगते की हवाईयन म्हणजे त्या बेटांवरच्या मूळ समूहातील व्यक्ती, इतरांसाठी ‘हवाईचा रहिवासी’ असे लिहावे. जे इंग्रजी मजकूर आपल्या टेबलावर येतात त्यांत बहुतेक वेळा हा फरक केलेला असतो. तो मराठीत येताना गळून पडतो.

हा शब्द इतका काटेकोर का झाला, हे इतिहासाशिवाय कळत नाही, आणि हा इतिहास सरळ रेषेत जात नाही.

मुळात ‘हवाई’ हे एका बेटाचे नाव. ओआहू, माउई, काउआई, मोलोकाई या बेटांवरचे लोक कधी काळी स्वतःला हवाईचे म्हणवत नव्हते. हवाई बेटावरच्या पहिल्या कामेहामेहाने अठराव्या शतकाच्या अखेरीस एकेक बेट जिंकायला सुरुवात केली, १८१० मध्ये काउआईच्या राजाने त्याचे स्वामित्व मान्य केले आणि जेत्याच्या बेटाचे नाव सगळ्या राज्याला लागले. १८४० मध्ये त्या राज्याला लिखित राज्यघटना मिळाली. आजच्या वादात सोयीस्करपणे विसरली जाणारी गोष्ट अशी की या राज्याचा प्रजाजन होण्यासाठी मूळ वंशाची अट नव्हती. राज्यात जन्मलेला किंवा राजाशी निष्ठेची शपथ घेतलेला युरोपीय असो वा चिनी, कायद्याच्या भाषेत तो हवाईचा प्रजाजन होता. म्हणजे एके काळी हे नाव एका राष्ट्रीयत्वाचेही होते. स्वतंत्र हवाई राज्य कायद्याने कधी संपलेच नाही असे मानणारे काही लोक आजही त्याच अर्थाने स्वतःला हवाईचे राष्ट्रीय म्हणवतात.

१७ जानेवारी १८९३ रोजी प्रामुख्याने अमेरिकी आणि युरोपीय वंशाच्या व्यापारी व मळेवाल्यांच्या गटाने राणी लिलिउओकालानी यांना पदच्युत केले. अमेरिकी युद्धनौकेवरून उतरलेले सैनिक त्या वेळी होनोलुलूच्या रस्त्यांवर होते. विलीनीकरणाच्या विरोधात १८९७ मध्ये २१ हजारांहून अधिक सह्यांची निवेदने गोळा झाली, तरी पुढच्याच वर्षी अमेरिकेने ही बेटे आपल्यात सामील करून घेतली. १९५९ मध्ये हवाई पन्नासावे राज्य झाले आणि १९९३ मध्ये, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, अमेरिकी काँग्रेसने ठराव करून या उठावातील आपल्या सहभागाबद्दल मूळ हवाईयन लोकांची माफी मागितली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून साखरेच्या मळ्यांवर चिनी, जपानी, पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो मजूर आणले गेले आणि मूळ लोक आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. राज्य गेले, बहुतेक जमीन गेली आणि १८९६ च्या कायद्याने इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरल्यावर शाळेतून भाषाही गेली. हाती उरले ते नाव. राज्यात राहायला आलेल्या प्रत्येकाने तेही घ्यावे, याचा त्यांना राग येतो तो या पार्श्वभूमीवर.

आता कायद्याकडे येतो. हा भाग आम्हा मराठीत लिहिणाऱ्यांना अधिक अडचणीचा आहे आणि त्याची चर्चा आपल्याकडे झालेली माझ्या पाहण्यात नाही.

अमेरिकी काँग्रेसने १९२१ मध्ये हवाईयन लोकांच्या वसाहतीसाठी सुमारे दोन लाख एकर जमीन राखून ठेवणारा कायदा केला. हवाईचे प्रतिनिधी राजपुत्र कूहिओ यांनी त्यासाठी प्रयत्न केले होते. पात्र अर्जदाराला वर्षाला एक डॉलर भाड्याने ९९ वर्षांच्या पट्ट्यावर जमीन मिळते. पात्र कोण, तर १७७८ पूर्वी या बेटांवर राहणाऱ्यांचे किमान निम्मे रक्त ज्याच्यात आहे तो. कूहिओ यांना ही अट कितीतरी सैल हवी होती. ती निम्म्यावर आणण्यात ऊसमळ्यांच्या मालकांचा हात होता, कारण पात्र माणसे जितकी कमी, तितकी जमीन मळ्यांकडे राहणार. पुढे १९७८ मध्ये हवाई राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन हवाईयनांच्या हितासाठी ‘हवाईयन व्यवहार कार्यालय’ स्थापन झाले. त्याच्या कायद्यात दोन व्याख्या शेजारी शेजारी उभ्या आहेत : ‘हवाईयन’ म्हणजे १७७८ मधल्या मूळ रहिवाशांचा कोणताही वंशज, वारसा कितीही अल्प असो; आणि ‘नेटिव्ह हवाईयन’ म्हणजे निम्मे रक्त असलेला. त्यातही १९९३ च्या माफीच्या ठरावात ‘नेटिव्ह हवाईयन’ हीच संज्ञा कोणत्याही वंशजासाठी वापरली आहे. इंग्रजीत हा गुंता एका अक्षराने सोडवला जातो. निम्म्या रक्ताची अट अभिप्रेत असेल तर ‘नेटिव्ह’चे पहिले अक्षर लहान लिपीत, सगळे वंशज अभिप्रेत असतील तर मोठ्या लिपीत. देवनागरीला लहान-मोठी लिपीच नाही. ‘मूळ हवाईयन’ असे लिहिले की दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले जातात आणि वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जमिनीच्या पट्ट्यांची बातमी असेल तेव्हा ‘किमान निम्मा हवाईयन वारसा असलेले’ असे शब्दांत लिहिण्यावाचून गत्यंतर नाही. वाक्य लांबेल, लांबू द्यावे.

हा फरक प्रत्यक्षात कसा चालतो ते एका कल्पित कुटुंबावरून पाहू. आजी पूर्ण हवाईयन, आजोबा चिनी. त्यांची मुलगी निम्मी, म्हणून तिला पट्ट्यासाठी अर्ज करता येतो. तिने जपानी वंशाच्या माणसाशी लग्न केले, तर तिची मुले एक चतुर्थांश. त्यांना स्वतःहून अर्ज करता येत नाही, पण आईच्या पट्ट्याचा वारसा मिळू शकतो, कारण जवळच्या वारसांसाठी अट चतुर्थांशावर आणलेली आहे. त्या मुलांनीही बाहेर लग्ने केली, तर तिची नातवंडे एक अष्टमांश आणि आजच्या कायद्याने त्यांच्यापाशी तो पट्टा संपतो. तरीही ती नातवंडे हवाईयन आहेतच. राजकन्या बर्नीस पाउआही बिशप यांच्या मृत्युपत्रानुसार १८८७ मध्ये सुरू झालेल्या कामेहामेहा शाळा प्रवेशात हवाईयन वंशाच्या मुलांना प्राधान्य देतात. तिथे रक्ताचे प्रमाण विचारले जात नाही, एक पूर्वज दाखवता आला की पुरे. म्हणजे एकच मूल शाळेच्या दारात हवाईयन आणि जमिनीच्या खिडकीवर अपात्र. पात्रता सिद्ध करायला आपला, आईवडिलांचा, आजीआजोबांचा असे जन्मदाखले मागे मागे जोडत न्यावे लागतात आणि जुन्या दाखल्यावर नुसतेच ‘अंशतः हवाईयन’ लिहिलेले असेल तर चर्चची नोंद, विवाहाचा दाखला, जनगणनेचा उतारा यांची शोधाशोध सुरू होते. जात पडताळणी समितीपुढे उभे राहिलेल्या मराठी वाचकाला ही धावपळ वेगळी समजावून सांगायला नको. पट्ट्याच्या यादीत नाव लावून वाट पाहता पाहता अनेक जण वारले. आपण ज्या शब्दाला राज्यातल्या माणसांचे साधे विशेषण समजतो, त्याच्यावर इथे घराची जमीन अवलंबून असते.

याच शब्दावरून प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. हवाईयन व्यवहार कार्यालयाचे विश्वस्त निवडण्याचा मताधिकार फक्त हवाईयनांना होता. विलीनीकरणापूर्वीपासून बेटांवर असलेल्या गोऱ्या घराण्यातले राइस यांनी त्याला आव्हान दिले आणि २००० मध्ये ‘राइस विरुद्ध कायेतानो’ या खटल्यात न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ही अट घटनाबाह्य ठरवली. वंशावळीची अट म्हणजे वंशाच्या आधारे मताधिकार नाकारणेच होय, असे बहुमताचे म्हणणे होते. त्या निकालपत्राच्या सुरुवातीलाच न्यायालय म्हणते की राइस हवाईचे नागरिक असल्यामुळे शब्दाच्या एका सर्वमान्य अर्थाने तेही हवाईयनच. इथे तो ‘सर्वमान्य’ अर्थ किती जणांना मान्य आहे, हे रस्त्यावरच्या कोणालाही विचारावे. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेली जपानी किंवा पोर्तुगीज वंशाची माणसे स्वतःला ‘लोकल’ म्हणवतात, हवाईयन म्हणवत नाहीत. त्यासाठी त्यांना कायद्याची गरज पडत नाही, ती इथली रीत आहे.

रहिवाशासाठी इथल्या भाषेत निराळा शब्द आहेच. दुकानात बिल करताना गल्ल्यावरची बाई विचारते, “कामाआइना?” मी हवाईचा वाहन परवाना पुढे करतो, ती त्यावरचा पत्ता पाहते आणि बिलातून सवलतीची रक्कम वजा करते. ‘कामाआइना’चा शब्दशः अर्थ भूमीचे लेकरू, पण रोजच्या वापरात इथला रहिवासी, त्यासाठी परवान्यावरचा पत्ता पुरतो, आजी कोण होती हे कोणी विचारत नाही. मूळ लोक स्वतःला ‘कानाका माओली’ किंवा ‘कानाका ओइवी’ म्हणतात. त्यातल्या ‘ओइवी’मध्ये ‘इवी’, म्हणजे हाडे, हा शब्द आहे : ज्यांच्या पूर्वजांची हाडे या मातीत आहेत ते. आणखी एक गंमत अशी की ‘हवाईयन’ हा शब्द हवाईयन भाषेत होऊच शकत नाही, कारण त्या भाषेतले प्रत्येक अक्षर स्वरान्त असते. शेवटचा ‘न’ तिला परका आहे.

आता मराठी वाचकाच्या अगदी जवळची बातमी घेतो. हवाई बेटावरच्या मौना केआ या ४,२०५ मीटर उंच पर्वतावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारण्याचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आहे आणि त्यात भारत भागीदार आहे. भारताच्या बाजूने जबाबदारी घेणाऱ्या संस्थांत पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्था आहे. त्यामुळे या प्रकल्पाच्या बातम्या मराठीत येतात आणि विरोधाचा उल्लेख ‘स्थानिकांचा विरोध’ किंवा ‘हवाईयन नागरिकांचा विरोध’ असा होतो. दोन्ही शब्दप्रयोग दिशाभूल करतात. ‘स्थानिक’ म्हटले की धरणग्रस्त किंवा महामार्गात जमीन गेलेले शेतकरी असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते आणि प्रश्न मोबदल्याचा वाटू लागतो. ‘हवाईयन नागरिक’ म्हटले की साऱ्या राज्याचा विरोध असल्यासारखे वाटते. वास्तवात या विरोधाचे नेतृत्व मूळ हवाईयनांनी केले. त्यांच्या दृष्टीने हा पर्वत पवित्र आहे आणि तो ज्या जमिनीवर उभा आहे ती १८९३ नंतर त्यांच्या राज्याकडून हिरावून घेतलेल्या जमिनींपैकी आहे. ते स्वतःला आंदोलक म्हणवत नाहीत, ‘किआई’ म्हणजे रक्षक म्हणवतात. जुलै २०१९ मध्ये पर्वताकडे जाणारा रस्ता अडवून बसलेल्या त्यांच्यातल्या वृद्धांना पोलिसांनी अटक केली, तेव्हा त्या छायाचित्रांनी सगळी बेटे हलली. उलट, दुर्बिणीला पाठिंबा देणारे मूळ हवाईयनही आहेत आणि विरोध करणारे बिगरहवाईयनही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा परवाना २०१५ मध्ये रद्द केला, तो सुनावणीची प्रक्रिया चुकली म्हणून. २०१८ मध्ये नव्या सुनावणीनंतरचा परवाना त्याच न्यायालयाने वैध ठरवला. या सगळ्यात कोण कोणाच्या वतीने बोलतो आहे, हे शब्दाने नेमके सांगितले नाही तर पुण्यातल्या विज्ञानप्रेमी वाचकाला हा नुसता विज्ञान विरुद्ध अंधश्रद्धा असा सामना वाटतो. मला स्वतःला ती दुर्बीण व्हावी असे वाटते. पण विरोध करणाऱ्यांचे नाव चुकवून तिची बाजू मांडणे मला पटत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये माउई बेटावरचे लहाइना शहर वणव्यात जळून खाक झाले, शंभराहून अधिक माणसे गेली. मृत, बेघर, बचावलेले, सगळेच ‘हवाईयन’ ठरले तर दोन गटांवर अन्याय होतो. लहाइनात फिलिपिनो स्थलांतरितांची मोठी वस्ती होती. हॉटेलांत आणि त्याआधी मळ्यांवर राबलेल्या या कुटुंबांचे दुःख त्या एका शब्दाने पुसले जाते. आणि खुद्द हवाईयनांची जी वेगळी व्यथा होती, तीही ऐकू येत नाही. लहाइना १८४५ पर्यंत त्यांच्या राज्याची राजधानी होती. उसासाठी ओढ्यांचे पाणी वळवल्यावर तो पाणथळ परिसर कोरडा होत गेला होता. आणि राख थंड होण्याआधीच घरे विकत घेऊ पाहणाऱ्यांचे फोन सुरू झाल्यामुळे पिढीजात जमिनी हातच्या जाण्याची त्यांना भीती होती.

वस्तूंच्या बाबतीत मात्र मी एवढा आग्रही नाही. हवाईयन पिझ्झा १९६२ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओत ग्रीसहून आलेल्या सॅम पॅनोपुलोस यांनी केला. त्याचा हवाईशी संबंध डबाबंद अननसापुरता. ते नाव आता कोणी बदलणार नाही आणि बदलायचे कारणही नाही. हवाईयन गिटारची गोष्ट वेगळी, ती खरोखरच हवाईयन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू या हवाईयन तरुणाने तारांवर पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची पद्धत रूढ केली. ती भारतात येऊन इतकी मुरली की व्हॅन शिप्लींच्या वाद्यावरची हिंदी चित्रपटगीते ऐकत वाढलेल्या पिढीला ती परकी वाटलीच नाही. आपण ज्याला हवाईयन शर्ट म्हणतो त्याला इथे अलोहा शर्ट म्हणतात. हवाई चपलेला इथेही ‘स्लिपर’च म्हणतात, अगदी आपल्याकडे म्हणतात तशी. जीवसृष्टीत पुन्हा तोच नियम : फक्त इथेच आढळणारा नेने हा हंस हवाईयन, आणि १८६५ मध्ये कीड खाण्यासाठी भारतातून आणलेली साळुंकी, दीडशे वर्षे अंगणोअंगणी किलबिलाट करूनही, हवाईयन नाही. या बाबतीत मी आणि ती एकाच पंक्तीतले.

भाषेविषयी एकच सूचना. हवाईयन भाषा ही माओरी आणि ताहितीयन यांच्या कुळातली स्वतंत्र भाषा आहे. १९७८ पासून ती इंग्रजीबरोबर राज्याची अधिकृत भाषा आहे आणि १९८४ पासून ‘पूनाना लेओ’ बालवाड्यांतून तिचे पुनरुज्जीवन चालू आहे. मळ्यांवरच्या मिश्र वस्त्यांत घडलेली आणि रस्त्यावर ऐकू येणारी पिजिन ही निराळी भाषा. ती बोलणाऱ्याचे वाक्य ‘हवाईयन भाषेत म्हणाला’ असे छापू नये.

मग रहिवाशांना मराठीत काय म्हणावे? आपला हक्काचा ‘-कर’ प्रत्यय इथे दगा देतो. मुंबईकर, पुणेकर यांच्या चालीवर ‘हवाईकर’ लिहिले, तर विमानतळावर नवा कर बसल्यासारखे वाटेल. ‘हवाईवासी’ मथळ्यात बसतो, मजकुरात ‘हवाईचे रहिवासी’ किंवा ‘हवाईतील नागरिक’ पुरेसे आहे. मूळ समूहासाठी पहिल्या उल्लेखात ‘मूळ हवाईयन’ आणि पुढे ‘हवाईयन’ लिहावे. ‘मूलनिवासी’ शब्द मी टाळीन, कारण महाराष्ट्रात त्याला स्वतःचा वेगळा राजकीय संदर्भ चिकटलेला आहे. ‘अमेरिकी आदिवासी’ हाही चालणार नाही. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील मान्यताप्राप्त जमातींना जो कायदेशीर दर्जा आहे तो हवाईयनांना नाही, आणि तो मिळावा की नाही यावर त्यांच्यातच मतभेद आहेत, कारण अनेकांना जमातीचा दर्जा नको, गेलेले राष्ट्र हवे आहे. मथळ्यात नुसते ‘हवाई’ न लिहिता ‘हवाई बेटे’ लिहिल्यास हवाई दल, हवाई हल्ला यांच्याशी होणारा घोळही टळेल. पर्ल हार्बरच्या वार्षिक लेखांत तर तो दरवर्षी होतो.

तुलसी गॅबार्ड यांच्याबद्दलही इथेच लिहितो, कारण त्या भारतीय वृत्तपत्रांच्या आवडीच्या आहेत. त्यांचा जन्म अमेरिकन सामोआतला, बालपण हवाईतले, धर्म हिंदू; २०१३ ते २०२१ या काळात त्या अमेरिकी काँग्रेसमध्ये हवाईच्या प्रतिनिधी होत्या. त्या भारतीय वंशाच्या नाहीत, हे आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. त्या हवाईयन वंशाच्याही नाहीत. त्यांचा वारसा सामोअन आणि युरोपीय आहे. ‘हवाईच्या माजी लोकप्रतिनिधी’ एवढे लिहिले की काहीच चुकत नाही.

आपल्या शैलीपुस्तिकेत यासाठी चार ओळींची नोंद पुरेल. जिथे शैलीपुस्तिका नाही, तिथे उपसंपादकाने इंग्रजी मजकुरात ‘नेटिव्ह हवाईयन’ आहे की ‘हवाईचा रहिवासी’ एवढे पाहून तेच मराठीत ठेवावे. मुळातच शब्द सैल असेल आणि शंका राहिली, तर ‘हवाईचे रहिवासी’ लिहावे, कारण तो शब्द हवाईत राहणाऱ्या कोणाच्याही बाबतीत खोटा ठरत नाही. मौना केआच्या दुर्बिणीचा प्रश्न अजून मिटलेला नाही आणि त्याची पुढची बातमी आली की पुण्याच्या आवृत्त्यांत ती आयुकाच्या नावासकट छापली जाईल. सुरुवात त्या बातमीपासून करता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
होनोलुलूतील एक मराठी वाचक